गोल्फचा स्कोअर उतरत नसेल तर: नागपूरच्या हौशी खेळाडूंसाठी सरावाचा नेमका क्रम

रेंजवर पोचलं की बॅगेतून पहिला ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब मारायचा क्लब, निघतो. पन्नासेक बॉल मारून होतात, त्यातले चार-पाच सुरेख जातात आणि तेवढेच लक्षात राहतात. निघता निघता पुटिंग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाच मिनिटं. रविवारी कोर्सवर स्कोअर पुन्हा तोच. मग नवा क्लब, मोबाइलवरचा नवा व्हिडिओ, त्यात सांगितलेली नवी ग्रिप. नागपुरात इतके जण या चक्रात अडकलेले दिसतात की हे सगळं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं. या मंडळींची मेहनत भरपूर आहे, पण सरावाचा क्रम उलटा लागलाय.

ज्यांचा हँडिकॅप (कोर्सच्या ठरलेल्या स्कोअरपेक्षा साधारण किती स्ट्रोक जास्त लागतात तो आकडा) २० च्या वर आहे किंवा अजून निघालेलाच नाही आणि आठवड्यात दोन-तीनदा तास-दीड तास काढता येतो, अशांसाठी हा लेख आहे. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरलाय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं. टप्प्यांच्या शेवटी ‘तपासा’ म्हणून जे दिलंय ते जमेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

तयारी: ऊन, सामान आणि परवानगी

नागपुरात शिकण्याचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. हवा कोरडी, जमीन ना दगडासारखी ना चिखलाची. ग्रिप किंवा स्विंग बदलायचा असेल तर याच महिन्यांत बदला. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे पहाटे सुरुवात करून साडेआठपर्यंत घरी. नवतप्यात अठरा होल खेळण्याचा हट्ट करू नका; नऊ होल आणि घरातली पुटिंग एवढं पुरे. जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो आणि काळी माती बुटांना, क्लबला, बॉलला चिकटायला लागते. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि त्याबरोबर मिठाचं काहीतरी हवंच: ताक, पन्हं किंवा मीठ-साखरेचं पाणी. घामाने ओला झालेला ग्लव्ह हातात फिरतो आणि मग क्लब घट्ट आवळला जातो. म्हणून दोन ग्लव्ह ठेवा आणि तीन-चार होलनंतर बदला.

सावधान: चक्कर, मळमळ, अंगावर काटा किंवा घाम अचानक थांबणं, यातलं काहीही जाणवलं तर त्याच होलवर खेळ थांबवा, सावलीत बसा, अंग ओलं करा. त्रास थांबला नाही तर थेट दवाखाना. एप्रिल-मे महिन्यांतल्या वादळात ढग गडगडायला लागले की छत्री आणि क्लब खाली ठेवा आणि इमारतीत जा. झाडाखाली थांबू नका. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवायची मुभा नियमातच आहे, कुणाला विचारत बसायची गरज नाही.

क्लब चौदापर्यंत बाळगता येतात, पण सुरुवातीला आठ पुरतात: ड्रायव्हर, एक हायब्रिड, ६, ७ आणि ९ नंबरच्या आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पुटर. जुना सेट घेत असाल तर आधी ग्रिप पाहा. रबर गुळगुळीत, चकचकीत झालं असेल तर ग्रिप बदलून घ्या. तेवढ्या खर्चात नव्या ड्रायव्हरपेक्षा जास्त फरक पडतो. मे महिन्यात बॅग कारच्या डिकीत सोडू नका. त्या उष्णतेने ग्रिपचं रबर खराब होतं आणि क्लबचं डोकं दांड्याला धरून ठेवणारा गोंद सैल पडू शकतो.

आणखी तीन वस्तू लागतील: बांबूच्या दोन सरळ काड्या, मैदानावर रेघा मारतात ती थोडी फक्की आणि खिशात मावणारी वही.

छावणीच्या किंवा वायुसेनेच्या हद्दीतल्या कोर्सवर जायचं असेल तर बाहेरच्यांना प्रवेश आहे का, ओळखपत्र कोणतं लागतं, पाहुणा म्हणून कुणा सदस्याने सोबत यावं लागतं का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. गेटवर उभं राहून हे ठरत नाही.

टप्पा १: आधी मोजा, मग सुधारा

तीन राउंड खेळा आणि या तीन राउंडमध्ये काहीही सुधारायचा प्रयत्न करू नका. फक्त लिहा. प्रत्येक होलसमोर एकूण स्ट्रोक, आणि त्याशेजारी चार खुणा:

पेनल्टी किती लागली. किती शॉट फुकट गेले, म्हणजे बॉलच्या डोक्यावर बसले किंवा आधी जमिनीत घुसले. ५० यार्डांच्या आत आल्यापासून बॉल होलमध्ये जाईपर्यंत किती स्ट्रोक लागले. पुट, म्हणजे ग्रीनवरचे घरंगळते फटके, किती लागले.

उदाहरणादाखल पार ७२ च्या, म्हणजे ७२ स्ट्रोक अपेक्षित असलेल्या, कोर्सवरचं १०४ चं कार्ड घ्या. पारपेक्षा ३२ जास्त. त्यात ७ पेनल्टीचे, ९ फुकट गेलेल्या शॉट्सचे, ६ चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) दोनदा माराव्या लागल्याचे, ५ तीन-तीन पुटचे. झाले २७. उरलेले पाच म्हणजे ‘ड्रायव्हर लांब जात नाही’ हे दुखणं, ज्यावर रेंजवरचा सगळा वेळ खर्च होत असतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण बहुतेक हौशी खेळाडूंच्या कार्डची ठेवण अशीच निघते.

मोजायचं तर खरं मोजा. पहिल्या टीवरचा (होल जिथून सुरू होतो तिथला) ‘एक परत मारतो’ हा शॉट मोजायचा. मित्राने ‘दिला’ म्हणून उचललेला दोन फुटांचा पुट मोजायचा. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत. त्यात सापडला नाही तर एक पेनल्टी आणि पुन्हा आधीच्या जागेवरूनच शॉट. झाडीच्या कडेला दुसरा बॉल टाकून विनापेनल्टी पुढे गेलात तर ती वही निरुपयोगी.

तपासा: चार खुणांपैकी सर्वात मोठी बेरीज कोणती, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर आणखी एक राउंड लिहा.

एक प्रश्न इथे येतोच: सगळं पुटिंगवरच असतं ना? तसं नाही. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो शॉट्सच्या नोंदी तपासून दाखवलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूंतला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडच्या शॉट्समधून येतो. तरीही मी पुट आणि चिप आधी ठेवतो, कारण लांबचा शॉट बिघडतो तो बॉल नीट न लागल्याने. बॉल नीट लावायचं शिकण्यासाठी छोटी हालचाल हीच सर्वात चांगली शाळा. ज्याला चिप स्वच्छ लागते त्याला ७ आयर्न शिकवणं सोपं जातं; उलट्या दिशेने हे होत नाही.

टप्पा २: ग्रिप आणि उभं राहणं, घरी आरशासमोर

यासाठी कोर्सवर जाऊ नका. रोज दहा मिनिटं घरीच.

डावा हात आधी. क्लब तळव्यात धरायचा नाही, बोटांत धरायचा: करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका, आणि तळव्याचा मांसल भाग ग्रिपच्या वरून. खाली पाहिलं की डाव्या मुठीची दोन ते अडीच हाडं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर ग्रिप कमजोर आहे. नागपुरातल्या निम्म्या स्लाइसचं (उजवीकडे वळत जाणाऱ्या शॉटचं) मूळ मला इथेच दिसतं. मग उजवा हात: त्याच्या तळव्याच्या खोबणीत डावा अंगठा झाकला जातो आणि अंगठा-तर्जनीमधला इंग्रजी व्हीसारखा कोन उजव्या खांद्याकडे पाहतो. करंगळी वर ठेवा किंवा अडकवा, त्याने फारसं अडत नाही.

दाब एक ते दहाच्या मापात चार. बॉलजवळ उभं राहताना चार आणि खाली येताना नऊ, असं होत असेल तर खांदे ताठतात आणि क्लबफेस, म्हणजे बॉलला लागणारी क्लबची बाजू, बंदच होत नाही.

आता दिशा. एक काडी बॉलच्या पलीकडे लक्ष्याकडे रोखून ठेवा, दुसरी तिला समांतर पायांच्या टोकांशी. पाय, गुडघे, खांदे या दुसऱ्या काडीला समांतर हवेत, म्हणजे शरीर लक्ष्याच्या किंचित डावीकडे पाहतं. पाय बरोबर आणि खांदे भलतीकडे, ही चूक सर्रास होते आणि ती स्वतःला दिसत नाही. छातीवर एक क्लब आडवा धरून बघा.

बॉलची जागा: वेजला दोन पायांच्या मधोमध, ७ आयर्नला त्यापेक्षा एक बॉल पुढे, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत.

सावधान: बॉल उजवीकडे वळतो म्हणून अजून डावीकडे रोखून उभे राहू नका. तसं केलं की स्विंग बाहेरून आत आणखी कापत येतो आणि स्लाइस वाढतो. ग्रिप बदलल्यावर सुरुवातीचे पंधरा दिवस हात परके वाटतील, बॉल डावीकडे पळेल. त्या दिवसांत पैज लावून खेळू नका, कारण हरायच्या भीतीने जुनी ग्रिप गुपचूप परत येते.

तपासा: मोबाइल हातांच्या उंचीवर ठेवून एक फोटो समोरून, एक लक्ष्याच्या रेषेत तुमच्या मागून. आठवडाभराने तेच दोन फोटो. चार फोटोंत उभं राहणं सारखं दिसतंय ना?

टप्पा ३: पुटिंग, आधी अंतर मग दिशा

व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पुट टाकतात. म्हणजे आठ फुटांचा पुट हुकला म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. आपले स्ट्रोक जातात ते तीस फुटांवरून पहिला पुट सहा फूट लांब किंवा सहा फूट आखूड राहिल्याने. त्यामुळे सरावातला निम्मा वेळ लांबच्या पुटला द्या.

पुटिंग ग्रीनवर पाच, दहा आणि पंधरा पावलांवर खुणा करा. प्रत्येक खुणेवरून तीन बॉल, पण एकाच खुणेवरून लागोपाठ नाही. पाच, पंधरा, दहा, पुन्हा पंधरा, असं फिरत राहा. कोर्सवर तोच पुट तीनदा मारायला मिळत नाही. मारण्याआधी नजर होलकडे ठेवून दोन-तीन मोकळे स्ट्रोक घ्या, मग लगेच मारा.

दिशेचा सराव घरी करा. फरशीची सांध ही तयार रेघ आहे. बॉल सांधेवर ठेवा आणि तीन फूट सांध न सोडता घरंगळतो का पाहा. सुटला तर पुटरचा फेस मारताना उघडतोय किंवा मिटतोय. मात्र फरशीवर अंतराचा सराव करू नका, तिचा वेग ग्रीनशी जुळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला ग्रीनवर दव असतं. पुट मारला की बॉलमागे गडद ओली रेघ उमटते आणि उतार नेमका कुठे सुरू झाला, बॉल कुठे मंदावला, हे पाऊल न हलवता वाचता येतं. उतार वाचायला शिकायचं असेल तर या वेळेसारखी वेळ नाही. फक्त लक्षात ठेवा, दवामुळे ग्रीन मंद असतं. नऊ-दहा वाजता ऊन लागल्यावर त्याच जोराने मारलेला पुट होलच्या पुढे निघून जातो, आणि अनेकांचे शेवटचे नऊ होल याच कारणाने बिघडतात.

आपल्याकडच्या हरळीच्या ग्रीनवर गवताचा कलही मोजावा लागतो. गवत चकाकताना दिसलं तर कल तुमच्यापासून पुढे, बॉल पळेल. गडद, मळकट दिसलं तर कल अंगावर, जोर जास्त लागेल. होलची एक कड झडलेली, पिवळट दिसते. गवत त्या दिशेने झुकलेलं असतं.

२०१९ पासून पुट मारताना झेंडा होलमध्येच ठेवला तरी चालतो आणि बुटांच्या खुणाही दुरुस्त करता येतात. दोन्हींचा फायदा घ्या.

तपासा: दहा पावलांवरून दहा पुट. त्यातले सात होलपासून एका पुटरच्या लांबीच्या आत थांबले तर पुढे जा.

टप्पा ४: चिप, आणि थोडं बंकरबद्दल

नियम एकच: बॉल लवकरात लवकर ग्रीनवर उतरवायचा आणि उरलेलं अंतर घरंगळू द्यायचं. त्यासाठी ९ आयर्न किंवा पिचिंग वेज. पाय जवळ, वजनाचा मोठा हिस्सा डाव्या पायावर आणि शेवटपर्यंत तिथेच, बॉल मधोमध, हात बॉलच्या किंचित पुढे. मग पुटसारखाच स्ट्रोक. मनगटाने बॉल उचलायला गेलात की क्लबची कड बॉलच्या पोटात बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडे.

ग्रीनच्या कडेपासून दोन पावलं आत रुमाल पसरा आणि फक्त रुमालावर उतरवायचा सराव करा. होलकडे बघू नका. तोच रुमाल, क्लब बदलत जा: ९ आयर्नने बॉल किती घरंगळतो, सँड वेजने किती. हे कोष्टक डोक्यात बसलं की चिप मारताना निवडायचा तो फक्त क्लब.

सावधान: एप्रिलनंतर जमीन टणक होते, काळ्या मातीला भेगा पडतात. अशा जमिनीवर ६० अंशांची वेज फिरवून उंच शॉट मारायचा मोह टाळा. क्लबचा तळ आपटून उसळतो आणि कड बॉलच्या मधोमध लागते. ग्रीनबाहेरून पुटर वापरण्यात काही कमीपणा नाही. कडक जमिनीवर तो बहुतेक वेळा सर्वात सुरक्षित क्लब ठरतो.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उद्देश एकच, पहिल्या फटक्यात बाहेर. फेस उघडा करून मग ग्रिप धरा, पाय वाळूत रोवा, बॉलच्या दोनेक इंच मागे वाळू मारा आणि क्लब न थांबवता पुढे जाऊ द्या. बॉल हुकतो तो शेवटी वेग कमी केल्याने. मारण्याआधी क्लबने वाळू चाचपायची नाही, बॉलच्या लगेच मागे-पुढे क्लब टेकवायचा नाही, सरावाच्या स्विंगमध्येही वाळूला स्पर्श नको. दोन स्ट्रोकची पेनल्टी आहे. पाऊस होऊन गेल्यावर वाळू दाबून बसते, तेव्हा फेस कमी उघडा.

तपासा: ग्रीनभोवती दहा वेगवेगळ्या जागांवरून दहा चिप, प्रत्येक वेळी पुट मारून होल पूर्ण करा. चार वेळा दोनच स्ट्रोकमध्ये झालं आणि एकदाही चारच्या वर गेलं नाही, तर पुरे.

टप्पा ५: आयर्न, फक्कीच्या रेघेवर

लेखातला सर्वात महत्त्वाचा टप्पा हा. यावर महिनाभर घालवला तरी वाया जाणार नाही.

आयर्नने आधी बॉल आणि मग जमीन लागली पाहिजे. हौशी खेळाडूचा क्लब आधी जमिनीत जातो, किंवा त्या भीतीने शरीर वर उचललं जातं आणि बॉलच्या डोक्यावर बसतो. दोन्हींचं मूळ एकच: वजन मागच्या पायावर राहिल्याने स्विंगचा सर्वात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो.

गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर फक्कीने दीड-दोन मीटरची रेघ मारा. रेघ दोन पायांच्या मधून किंचित पुढे येईल असं उभे राहा. बॉल न ठेवता ७ आयर्नने कमरेपासून कमरेपर्यंत छोटा स्विंग करा आणि जमीन कुठे खरवडली ते पाहा. खरवडलेली खूण रेघेवर सुरू होऊन पुढे गेली पाहिजे. रेघेच्या मागे खूण म्हणजे वजन मागे राहिलं. फक्की उडाली आणि जमीन शाबूत, म्हणजे उचललंत. एक पाऊल पुढे सरका, पुन्हा. रेघ संपेपर्यंत. नंतर जागेवर पडलेला फक्कीचा पट्टा म्हणजे तुमच्या स्विंगचा खराखुरा निकाल असतो, त्यात भिडस्त मित्राचं ‘छान होता’ नसतं. लागोपाठ पाच खुणा रेघेच्या पुढे आल्या की रेघेवर बॉल ठेवून तेच करा. मग पाऊण स्विंग, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण.

सावधान: रेंजवरची चटई खोटं बोलते. बॉलच्या दोन इंच मागे लागलेला क्लब तिच्यावरून घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट बरा जातो. कोर्सवर तोच शॉट वीस यार्ड जातो. चटईवरच सराव करावा लागत असेल तर बॉलच्या एक वीत मागे घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि त्याला न शिवता बॉल मारा.

बॉल नीट लागायला लागल्यावरच त्याच्या वळणाकडे लक्ष द्या. तो सुटतो बहुतांशी क्लबफेस जिकडे पाहतो तिकडे, आणि वळतो फेस व स्विंगचा मार्ग यांतल्या फरकामुळे. फेस मार्गाच्या मानाने उघडा असेल तर उजवीकडे, मिटलेला असेल तर डावीकडे. म्हणून स्लाइसवर पहिला इलाज ग्रिपचा. खांदे फिरवण्याचे सल्ले नंतर.

शेवटी अंतरं मोजा. प्रत्येक क्लबने दहा बॉल मारा, सर्वात लांबचे दोन आणि सर्वात आखूड दोन सोडा, उरलेल्या सहांची सरासरी वहीत. घरंगळणं धरू नका, हवेतून किती गेला तेवढंच. बहुतेकांना स्वतःच्या ७ आयर्नचं जे अंतर वाटतं ते आयुष्यात एकदाच गेलेल्या बॉलचं असतं.

तपासा: ७ आयर्नने दहा बॉल. आठ हवेत गेले, आणि त्यांतल्या सर्वात लांब व सर्वात आखूड बॉलमध्ये फार तर वीस यार्डांचा फरक.

टप्पा ६: टी शॉट

आता ड्रायव्हर बाहेर काढा, पण आधी हायब्रिड. बुटक्या टीवरून (बॉल ठेवायच्या खुंटीवरून) हायब्रिडने दहापैकी आठ बॉल खेळण्याजोग्या जागी जायला लागले की अरुंद होलवर तोच तुमचा टी शॉटचा क्लब.

ड्रायव्हरची टी एवढी उंच की बॉलचा साधारण अर्धा भाग क्लबच्या वर दिसावा. बॉल पुढे, डाव्या टाचेशी, उजवा खांदा थोडा खाली. आयर्नच्या उलट इथे क्लब वर चढताना बॉल लागला पाहिजे. आयर्नची सवय इथे आणली की बॉल आकाशात चढतो आणि क्लबच्या डोक्यावर पांढरे चरे उमटतात.

जोर किती? पूर्ण तोल राखून शेवटी डाव्या पायावर दोन सेकंद उभं राहता येईल एवढाच. पडायला झालं तर जास्त झाला.

सावधान: बॉल हद्दीबाहेर गेला की पेनल्टी स्ट्रोकही जातो आणि अंतरही, टीवरून मारायचा तो तुमचा तिसरा शॉट. बॉल बाहेर गेल्याची किंवा हरवल्याची शंका आली तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल मारतोय’ (म्हणजे तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगून दुसरा बॉल मारा. न सांगता मारला तर तोच खेळातला बॉल ठरतो, मग पहिला सापडला तरी उपयोग नाही.

टप्पा ७: कोर्सवर डोकं चालवणं

होलच्या टीवर उभं राहिल्यावर प्रश्न एकच विचारायचा: इथे बॉल कुठे गेला तर पेनल्टी बसते? त्याच बाजूला टी लावा आणि धोक्यापासून लांब रोखा.

ग्रीनकडे मारताना झेंडा विसरा, मधोमध रोखा आणि एक क्लब जास्त घ्या. हौशी खेळाडू सहसा आखूड पडतो, आणि बंकर, नाले बहुतेकदा पुढेच असतात. अनुभवी कॅडी हळूच म्हणतो, “साहेब, एक क्लब जास्ती घ्या.” त्याने तुमचे शॉट तुमच्यापेक्षा जास्त शांतपणे पाहिलेत. ऐका.

बाभळीखाली गेलात तर आडवा शॉट मारून फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, या. दोन फांद्यांमधल्या फटीतून काढलेला शॉट गप्पांत शोभतो, कार्डवर मात्र आठ होतात. बॉल खेळण्याजोगा नसेल तर एक पेनल्टी घेऊन तीन वाटा आहेत: आधीच्या जागी परत, होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत हवं तेवढं मागे, किंवा बॉलपासून दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता. बॉल गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. लाल खुंट्यांच्या पाण्यात गेला तर, तो जिथून आत शिरला तिथून दोन क्लबच्या अंतरात, एक पेनल्टी घेऊन.

प्रत्येक शॉटचा ठराविक क्रम ठरवा: मागून दिशा बघणे, क्लब ठरवणे, एक सराव स्विंग, उभे राहणे, मारणे. नियमांनी सुचवलेली मर्यादा ४० सेकंदांची आहे आणि ती पुरते. बॉलवर उभं राहून विचार सुरू झाला तर मागे या.

पार हे ध्येय ठेवू नका. प्रत्येक होलला बोगी (पारपेक्षा एक स्ट्रोक जास्त), म्हणजे पार ७२ वर ९०, ही पहिली पायरी. हँडिकॅप क्लबमार्फत काढून घ्या. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत ५४ होलची कार्डं दिली की सुरुवात होते, पुढे शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ राउंड धरले जातात आणि कमाल मर्यादा ५४ आहे. एखाद्या होलचा सत्यानाश झाला तरी हँडिकॅपसाठी त्याचे स्ट्रोक पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे जादा स्ट्रोक, एवढेच धरतात. म्हणून एका वाईट होलवर राउंड सोडून निघून जाऊ नका.

तपासा: पुढच्या तीन राउंडमध्ये पेनल्टीची बेरीज निम्मी झाली का? हा आकडा बाकी सगळ्यांच्या आधी उतरतो.

पावसाळा आणि कडक जमीन

पावसाळ्यात बॉलला चिकटलेली काळी माती त्याला विरुद्ध बाजूला वळवू पाहते. चिखल उजवीकडे असेल तर बॉल डावीकडे ओढला जाण्याची शक्यता जास्त. फेअरवेवर बॉल उचलून पुसता येतो तो त्या दिवशी तसा स्थानिक नियम लागू केला असेल तरच, म्हणून पहिल्या टीवर जाण्याआधी विचारा. ग्रीनवर खूण ठेवून बॉल कधीही पुसता येतो. प्रत्येक शॉटनंतर क्लबच्या खाचा टीने साफ करा. बॉल घरंगळणार नाही, म्हणून फक्त हवेतलं अंतर धरा.

उन्हाळ्यात याच्या उलट. ग्रीनवर थेट टाकलेला बॉल उसळून पलीकडे जातो, तेव्हा दहा-पंधरा यार्ड अलीकडे टाका.

कोचकडे केव्हा जायचं

टप्पा २ ची तपासणी करून झाली की एकदा जा. टप्पा ५ अडला, म्हणजे पंधरा दिवस रेघेवर काम करूनही खुणा मागेच येत असतील, तर पुन्हा जा. ही चूक स्वतः शोधायला फार वेळ जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती दहा बॉलमध्ये दिसते. जाताना वही न्या, समोरून आणि मागून घेतलेले ७ आयर्नचे दोन व्हिडिओ न्या, आणि पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर सुरुवातीलाच सांगा, नाहीतर तुमच्या शरीराला न झेपणारा स्विंग गळ्यात पडतो. एका भेटीत एकच बदल मागा. तो बदल कोचच्या शब्दांत लगेच वहीत उतरवून घ्या आणि पुढची भेट तीन आठवड्यांनंतर ठेवा. मधल्या काळात मोबाइलवरचे स्विंगचे व्हिडिओ बंद.